दाराकडे वळवलेली खुर्ची

काकूला शेवटचं भेटले तो रविवार होता. जबलपूरच्या गोरखपूर भागात, तिच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी जेवलो, मग तिला डुलकी लागली. आठवडाभर तिला नीट झोप नव्हती. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी शाळेत तिसरा तास घेत असताना निरोप आला, काकू गेली. त्याला आता सहा आठवडे झाले, आणि त्या हातातल्या चपला काही खाली ठेवता येत नाहीत...

मी पाच महिन्यांची असताना आई अंथरुणाला खिळली. वडील मझौलीच्या बाजारात तोलाईचं काम करायचे. त्यांनी मला जबलपूरला थोरल्या भावाकडे आणून ठेवलं. काकूला मूलबाळ नव्हतं. तीन वर्षं मी तिलाच आई समजत होते. मग आई बरी झाली आणि तिनं मला परत मागितलं. सगळ्यांचं ठरलं, पोरीला झोपेतच न्यायचं, म्हणजे रडारड नको. काकूनं दूधभात भरवून मला निजवलं, बसनं मझौलीला नेलं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि मी जागी व्हायच्या आत परतीची बस धरली. मला यातलं काही आठवत नाही. आई सांगायची, मी रडलेच नाही. उंबऱ्यावर जाऊन बसले आणि तीन दिवस तिथून हलले नाही. शेजारणींना ती अर्धवट हसत म्हणायची, "माझीच पोर, अन् माझ्याकडे पाव्हणीसारखी राहते."

तेव्हापासून काकूला एक सवय लागली. कोपऱ्यावर भाजी आणायला निघाली तरी ती झोपलेल्याला हलवून उठवायची आणि "जाऊन येते" म्हणायची. काका वैतागायचे. "अरे भई, सदर बाजारात चालली की काशीला?"

पुढे कॉलेजसाठी मी तिच्याकडेच राहिले. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. माझ्या हातात पदवी आली ती तिच्या हट्टामुळे, हे मी कधी विसरणार नाही. मात्र नागपूरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा भरलेली ट्रंक मीच पुन्हा रिकामी केली. लग्नही दोन गल्ल्या सोडून केलं. नवऱ्याला अर्धा तास उशीर झाला की मी पायरीवर उभी. मुक्ता, माझी मुलगी, लहानपणी झोपली की तिच्या फ्रॉकचं टोक माझ्या मुठीत असायचं. मोठी झाल्यावर ती म्हणायची, "आई, मी कॉलेजला जाऊन राहिले, गायब नाही होऊन राहिले."

तिला आता पुण्यात नोकरी मिळाली आहे. तू हो म्हटल्याशिवाय जाणार नाही, असं तिनं सांगितलंय. त्या रविवारी जेवताना मी काकूला हे सगळं सांगितलं, आणि अजून हो म्हटलं नाही हेही. तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"तू रडशील म्हणून नाही नेलं तुले झोपेत," ती म्हणाली. "जागी असतीस तं गळ्याला मिठी मारली असतीस, अन् माझ्यानं तुले देणं झालं नसतं. माझ्यासाठी नेलं मी... तू पोरीले जागेपणी जाऊ दे, शुभा."

मी ताटं उचलली आणि मोरीवर जाऊन गरजेपेक्षा जास्त वेळ घासत बसले. परत आले तर तिचा डोळा लागलेला.

तिची झोप मोडू नये म्हणून तशीच निघाले, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण खरं हे की ती जागी असती तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

काकांनी नंतर सांगितलं, चारला ती उठली, "शुभा काहून नाही सांगून गेली?" एवढंच विचारलं, खुर्ची दाराकडे वळवली आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

ती खुर्ची काकांनी अजून सरळ केलेली नाही. मी जाते तेव्हा तिच्यातच बसते. समोर दार, दारापलीकडे गल्ली, येणाराजाणारा प्रत्येक जण दिसतो. पुण्याला उत्तर कळवायला चार दिवस उरलेत. मुक्ता रोज माझ्या तोंडाकडे बघते. "निघशील तेव्हा मला उठव," इथपर्यंत मी आले आहे. "जा" हा शब्द अजून निघत नाही. काकूच्या घरून उठताना मात्र मी आता न चुकता त्या रिकाम्या खुर्चीला सांगते, काकू, जाऊन येते... आणि मग बराच वेळ उंबऱ्यावरच उभी राहते.