हरणाऱ्या टीमचा सोफा

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या फुटबॉल मॅचला मी पैठणी नेसून गेले होते.

मॅच समोरच्या घरातल्या टीव्हीवर होती. गाव युनिव्हर्सिटीचं, चहूबाजूंनी मक्याची शेतं, आणि आमचे हे तिथे नुकतेच शिकवायला लागलेले. समोर एक शाळामास्तर राहायचे. हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि अंगानं दरवाज्याएवढे. त्यांनी रस्ता ओलांडून येऊन आमंत्रण दिलं, की शनिवारी आपल्या युनिव्हर्सिटीची मोठी मॅच आहे, नक्की या. अमेरिकन घरचं पहिलंवहिलं बोलावणं! भारताची सगळी अब्रू आता आपल्या निऱ्यांवर लटकलीय अशी त्या वेळी माझी ठाम समजूत झाली. हे म्हणाले, "अगं, जीन्स घाल." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" जांभळी पैठणी, सोनेरी काठ, पदरावर मोर. नथ तेवढी घातली नाही, आणि तीही सापडली नाही म्हणून.

मास्तरांनी दार उघडलं. आत सगळं लालच लाल. लाल शर्ट, लाल टोप्या, कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा लाल रुमाल. मला बघून खोली एकदम चिडीचूप. मला वाटलं, दिपले बिचारे! खरं सांगते, मोर नीट दिसावेत म्हणून मी जराशी वळलेसुद्धा. ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, आज भेटली तर तिला बाजूला घेऊन मी एवढंच सांगेन, की बाई गं, बस खाली.

मास्तरांची बायको फार भली होती, आता नाही ती. तिनं मला हलकेच स्वयंपाकघरात नेलं आणि समजावलं, की जांभळा आणि सोनेरी हे समोरच्या टीमचे रंग. शेजारच्या राज्यातली युनिव्हर्सिटी, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. त्या दिवशी आमची टीम अगदी शेवटच्या मिनिटाला हरली आणि खोलीतल्या प्रत्येकानं टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

पुढच्या शनिवारी मी शहाणी होऊन लाल स्वेटर घालून गेले. पण मी मास्तरांच्या किचनमध्ये भजी तळायला गेले तेव्हा आपल्या टीमनं गोल केला (त्याला टचडाऊन म्हणतात हे मला दोन वर्षांनी कळलं), आणि ताट घेऊन बाहेर आले तर आपल्या पोरानं हातातला चेंडू पाडला. मास्तरांनी बोट रोखलं. पुन्हा आत पाठवलं, पुन्हा गोल. झालं! इतिहासाच्या मास्तरांनी एवढ्या पुराव्यावर माझा कायमचा निकाल लावला. तेव्हापासून टीम अडचणीत आली की सगळे एका सुरात ओरडायचे, "काकू, किचन!" आमच्याकडे येणाऱ्या मराठी पोरांचं ऐकून मास्तरही मला काकूच म्हणायला लागले होते. माझं नावच ते आहे असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं, आणि मीही त्यांना ते तसंच वाटू दिलं.

हळूहळू ही मंडळी आमच्या बेसमेंटमध्ये जमायला लागली, कारण तिथे एक लांबलचक तपकिरी सोफा होता, लागूनच छोटं किचन होतं आणि भजीही माझीच होती. मास्तर आणि त्यांची बायको, ह्यांच्या डिपार्टमेंटमधले नागपूरचे भाऊजी, आणि पीएचडी करणारी, कायम भुकेली मराठी मुलं. टीम हरायची. दर वर्षी नव्या पद्धतीनं हरायची. पण मी एक सांगू? जिंकणारी टीम माणूस एकटा बसूनही बघू शकतो. हरणारी टीम बघायला सोबत लागते. शिव्या द्यायच्या तर ऐकायला कुणीतरी हवं. नाहीतर नुसता रक्तदाब वाढतो.

मग हे सगळं कसं विरत गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. एकदम काहीच झालं नाही. आधी प्रत्येकाच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आला. मग मॅच एका चॅनलवरून उठून वेगवेगळ्या ॲपवर गेल्या, कुठली कुठे आहे ते शोधेपर्यंत पहिला क्वार्टर संपायचा. मग खेळाडूंना पैसे मिळायला लागले. मिळायलाच हवेत, पोरं हाडं मोडून घेतात. पण ती दर वर्षी टीम बदलायला लागली त्याचं काय? एका गुणी पोराच्या गुडघ्यासाठी मी गणपतीला साकडं घातलं होतं. गुडघा बरा झाला आणि पुढच्या वर्षी पोरगा जांभळ्यांकडे! गणपतीनं काम चोख केलं, पत्ता तेवढा चुकला.

पण हे सगळं आम्ही पचवलं असतं. मोडलं ते निवडणुकीत. एका मॅचच्या हाफ टाइममध्ये कुणीतरी बातम्या लावल्या. बाहेरून येणाऱ्या लोकांबद्दल काहीतरी चाललं होतं. मास्तर काहीतरी बोलून गेले. भाऊजींनी वळून बघितलं, तेव्हा मास्तर घाईघाईनं म्हणाले, "तुमच्याबद्दल नाही बोलत मी. बाकीच्यांबद्दल बोलतोय."

भाऊजी म्हणाले, "बाकीचे म्हणजे आम्हीच."

आवाज चढला नाही कुणाचा. चढला असता तर बरं झालं असतं. मॅच संपायच्या आत दोघंही उठले. नंतर एकाच्या अंगणात एका उमेदवाराची पाटी लागली, दुसऱ्याच्या अंगणात दुसऱ्याची. निवडणूक झाली, पाट्या उतरल्या, माणसं काही परत आली नाहीत. ह्यांनी दोघांना समजवायचा प्रयत्न केला, मग पुढच्या थंडीत हेच गेले. त्या दिवशी अंत्यदर्शनाच्या हॉलमध्ये मास्तर एका भिंतीशी उभे होते आणि भाऊजी समोरच्या भिंतीशी. दोघंही रडत होते, पण वेगवेगळे.

आता लेक तिकडे पूर्व किनाऱ्याकडच्या पार्सिपनीहून रोज फोन करते. "आई, घर विकून इकडे ये. इकडे मंदिर आहे, मंडळ आहे, अर्ध्या तासावर सगळी इंडियन दुकानं आहेत. तिथे आता आहे कोण तुझं?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, "सीझनची शेवटची मॅच आहे, जांभळ्यांशी. त्या दिवशी माझा सोफा भरला तर मी इथेच. नाही भरला तर तुझ्याकडे."

"भरला म्हणजे कसा?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं."

"व्हिडिओ कॉलवर दाखवायचं हं. तू चीटिंग करतेस." आमच्या घराण्यात विश्वास हा असा!

आता माणसं आणायची कुठून? आधी युनिव्हर्सिटीतल्या दोन मुलींना फोन केला, एक सांगलीची, एक नाशिकची. नाशिकची म्हणाली, "आजी, आम्ही हल्ली फारशा कुठे जात नाही. व्हिसाचं काय काय ऐकू येतं, उगाच गर्दीत कशाला?" मी म्हटलं, "माझ्याकडे कसली आलीय गर्दी? गर्दी व्हावी म्हणून तर तुम्हाला बोलावतेय. मिसळ करणार आहे." मिसळ म्हटल्यावर व्हिसाचा विषय जरा मागे पडला.

राहिले दोघे. सरळ बोलावलं असतं तर दोघांनी एकच विचारलं असतं, की तो येतोय का. म्हणून मी थापा मारल्या. मास्तरांना सांगितलं, "टीव्हीवर मॅच लागत नाहीये, येऊन लावून द्या." भाऊजींना सांगितलं, "घर विकायचं म्हणतेय, सोफ्याचं काय करायचं ते जरा बघून सांगा." दोघांना एकच वेळ दिली. देवळात जाऊन आधीच माफी मागावी असं मनात आलं, पण सगळ्यात जवळचं देऊळ दोन तासांवर आहे.

मास्तर आधी आले. एक बटण दाबलं, मॅच लागली. "काकू, हे तर चालूच होतं," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या हाताला गुण आहे." तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि नागपुरी आवाज आला, "काय करून राहिल्या वहिनी? घर विकून राहिल्या म्हणे? मला आधी सांगायचं नाही का?"

आणि मग भाऊजींना मास्तर दिसले.

मी पटकन म्हटलं, "बसा दोघंही. मिसळ वाढलीय."

वाढलेल्या ताटावरून उठून जायला दोघांच्याही आयांनी शिकवलं नव्हतं. बसले. मास्तर सोफ्याच्या एका टोकाला, भाऊजी दुसऱ्या टोकाला. मध्ये एवढी जागा, की गाय आडवी झोपली असती. मुलींनी ती जागा बघितली, एकमेकींकडे बघितलं आणि शहाण्यासारख्या खाली सतरंजीवर बसल्या. मी सांगलीच्या मुलीला डोळ्यांनी खुणावलं, वर बस. तिनं मान हलवली, मेले तरी नाही.

नेमका तेव्हाच लेकीचा व्हिडिओ कॉल. पाठीमागून माझी नात डोकावली, ती अशा बाबतीत पंच असते. मी फोन फिरवून सोफा दाखवला.

"आजी, मधे कोणी नाहीये. दॅट्स अ नो," नात म्हणाली.

"मॅच संपायची आहे अजून," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग भज्यांचं ताट आणलं आणि बरोब्बर सोफ्याच्या मधोमध ठेवलं. दोघांच्याही हाताला जेमतेम न पोचेल असं.

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मास्तर एक वीत सरकले होते. भाऊजी अभिमानी, त्यांनी कांद्याचा वास बराच वेळ सोसला. आमची टीम, आश्चर्य म्हणजे, पुढे होती. मग आमच्या कोचनं तो प्रसिद्ध शहाणपणा केला. समोर जागा मोकळी असताना पोरांना पळू न देता चेंडू लाथेनं उडवायला लावला. चेंडू खांबाला लागून परत आला.

"का?" मास्तर टीव्हीला म्हणाले. "का, का, का?"

"कारण तो गाढव आहे," भाऊजीही टीव्हीलाच म्हणाले.

"गाढवाला एवढा पगार असतो?"

"गाढवालाच असतो हो. तुम्ही-आम्ही शिकवत बसलो."

मास्तरांच्या नाकातून कसलासा आवाज आला. हसू होतं की मिसळीचा ठसका, देव जाणे. तेवढ्यात जांभळे आमच्या हद्दीत घुसले, आणि दोघांनीही मान न वळवता, एकदमच हात दाराकडे केले.

"काकू, किचन!"

"वहिनी, आत जा!"

मी इतक्या आनंदानं कधी कुणाच्या सांगण्यावरून आत गेले नाही. ओट्याशी उभी राहून कान देऊन ऐकत होते. दहा मिनिटं नुसतेच ओरडे, शिव्या आणि मुलींच्या किंकाळ्या. मग मोठा, लांब, ओळखीचा सुस्कारा. हरलो. मी किचनमध्ये असताना हरलो! म्हणजे इतकी वर्षं माझ्यावर जो आळ होता तो सपशेल खोटा. मी झारा हातात घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "आता काय म्हणणं आहे?"

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही दार उघडं ठेवलं होतं."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. कोचला गाढव म्हणणं सोडलं तर इतक्या वर्षांत दोघांचं एवढ्याच एका गोष्टीवर एकमत झालं, आणि तेही माझ्याविरुद्ध.

मोठंसं काही घडलं नाही. कुणी कुणाची माफी मागितली नाही. निघताना दोघं एकाच वेळी जिन्याशी आले आणि "तुम्ही आधी" असं कुणीच म्हणालं नाही, मास्तर अंगानं मोठे म्हणून ते आधी चढले. त्या निवडणुकीचं कुणी बोललं नाही, पुढच्या निवडणुकीचंही नाही. मुलींनी उरलेली मिसळ डब्यात भरून नेली. मला तर हे काहीच नाही असं वाटलं. रात्री लेकीला फोन करून पंचांचा निकाल मान्य केला. सोफा भरला नव्हता, मधे माणूस नव्हता, भजी होती. भजी धरतात का असं विचारून बघितलं. नात म्हणाली, नो. लेक मात्र चिडवायचं सोडून हळूच म्हणाली, "मग आई, जानेवारीत येशील?" मी म्हटलं, "शब्द दिलाय."

सोमवारी सकाळी मी खरंच सोफ्याचे फोटो काढत होते, विकायला टाकण्यासाठी. तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. आधी त्यांनी तब्येत विचारली, मग थंडी किती वाढलीय ते सांगितलं. आणि मग म्हणाले:

"वहिनी, आत्ता रस्त्यावर मास्तर भेटले. सीझन तर संपला म्हणे. मग येत्या शनिवारी आम्ही दोघांनी तुमच्याकडे यायचं कशासाठी, ते तेवढं ठरवून ठेवा."