बादलीतली बतुकम्मा

"आई, फुलंच होती ती. उद्यापर्यंत सुकलीच असती," सर्वेश पुन्हा तेच म्हणाला.

"देव्हाऱ्यातली रेणुकामाताही नुसता दगडाचा तांदळाच आहे. टाकतोस का तिलाही या बादलीत?"

चंद्रप्रभाबाईंचा आवाज चढलेला नव्हता. जिन्याखालच्या कचऱ्याच्या बादलीकडे बघत त्या उभ्या होत्या. बादलीत कागदी प्लेटा होत्या, अर्धवट खाल्लेले सामोसे होते, चहाचे चुरगाळलेले कप होते आणि त्या सगळ्यात उलटी कोंबलेली बतुकम्मा होती. तरवडाच्या पिवळ्याधमक फुलांवरून हिरवी चटणी ओघळत होती.

बाईंच्या बालवाडीतल्या पोरांनी सकाळभर मांडी घालून ती रचली होती. खाली कुर्डूचे तुरे, मग तरवड, मग झेंडू, शेंड्यावर हळदीची गौर. शेजारच्या सिंधुनं शिकवलं होतं. सिंधु निजामाबादकडची, लग्न होऊन नांदेडला आली, घरी ब्लाउज शिवायची. तिच्याकडे नवरात्राच्या दिवसांत बायका बतुकम्मा म्हणून फुलांचीच देवी रचतात, भोवती टाळ्या वाजवत फेर धरतात आणि संध्याकाळी डोक्यावरून नेऊन पाण्यात सोडतात. आठवडाभर पोरं ते तेलुगू गाणं शिकत होती. अर्थ कळत नव्हता, पण घरी न्हाणीतसुद्धा म्हणत होती. भाकरी कुस्करून गूळतुपाचा मलिदा त्यांनी स्वतः मळला. घरी घासाघासाला रडणारा मिहिर मनगटापर्यंत हात चाटत होता. दुपारी बाई घरात असताना सर्वेशनं हॉलमध्ये पालकांना चहा-सामोशाला बोलावलं आणि कार्यक्रमासाठी ती बतुकम्मा नि पोरं मागून घेतली होती.

"व्हिडिओ बघा तरी, आई. किती गोड आलाय!" सून मनस्विनीनं मोबाइल पुढे धरला.

पोरं फेर धरत होती. चाल सिंधुचीच, शब्द मात्र भलतेच. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. चार-पाच वर्षांची पोरं देवीभोवती टाळ्या वाजवत रसायनशास्त्र ओरडत होती. मागे सर्वेशच्या क्लासचा बोर्ड दिसेल असा कॅमेरा लावलेला. सिंधु कुठेच नव्हती.

"सिंधु कुठंय यात?"

"त्यांना जरा बाजूला उभं केलं. साडी अगदीच घरातली होती हो."

चंद्रप्रभाबाईंनी मोबाइल परत दिला आणि हात पदराला पुसला.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पंधरवडाभर त्या लातूरकडच्या खेड्यात, ताडपत्रीच्या तंबूत राहत होत्या. नवीनच लग्न झालेलं. नवरा रेणुकादास तिथल्या शाळेत मास्तर. शाळाच उरली नव्हती. तंबूतली लेकरं बोलायची नाहीत, रडायचीही नाहीत. औषधपाण्याला आलेल्या एका तेलुगू नर्सनं एका संध्याकाळी बांधावरचा तरवड ओरबाडून आणला, ताटलीत फुलं रचली आणि टाळ्या वाजवत एकटीच फिरू लागली. वेडी वाटली आधी. मग एक पोरगी उठली. मग दुसरी. त्या दिवसापासून चंद्रप्रभाबाईंनी पोरं सोडली नाहीत. नवऱ्याच्या बदलीनं नांदेडला आल्या, घर बांधलं, तेव्हा खालचा हॉल बालवाडीसाठीच काढला.

सर्वेश लातूरच्या मोठ्या क्लासमधली नोकरी सोडून गावी आला, तेव्हा त्यांनीच त्याला हॉल संध्याकाळपुरता दिला होता. आता त्याला सकाळही हवी होती. दिवाळीनंतर बालवाडी बंद, तिथं डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची 'पायाभरणी', नर्सरीपासून. होकार त्याला आजच हवा होता. त्या जवळपास द्यायलाही निघाल्या होत्या. गुडघे दुखायचे, आणि मुलगाच मागत होता.

"पालकांना काय लागतं ते मला कळतं, आई. लातूरला बघितलंय मी. नुसत्या फुलांसाठी कुणी पोरगं पाठवत नाही."

"मग फुलं मागितलीस कशाला?"

"संस्कृतीही दाखवावी लागते ना थोडी! आणि पाचला माझी बॅच. हॉल रिकामा नको?"

फाटक वाजलं. सिंधु आली होती, मागे नवे फ्रॉक, नव्या चड्ड्या घातलेली पोरं. घाटावर जायला निघालेली.

"बाई, देवी पोहायला कधी जाणार?" मिहिरनं विचारलं.

"गेली राजा, गाडीत बसून गेली," मनस्विनी चटकन म्हणाली.

"खोटं! मम्मी खोटं बोलून राहिली," सर्वेशची लेक इरा किंचाळली. "पप्पांनी बादलीत टाकली. मी बघितली!"

पोरं जिन्याखाली धावली. कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. नुसती बघत राहिली. तंबूतल्या पोरांसारखी, असं चंद्रप्रभाबाईंच्या मनात आलं.

सिंधु पुढे आली, वाकली, पदर तोंडाला लावला. "अम्मा को ऐसा नै करते, अक्का," एवढंच म्हणाली.

"अरे व्हा बाजूला! वर्ग सुरू व्हायचाय!" सर्वेशनं कोंबड्या हाकलाव्यात तसे हात केले.

आतून रेणुकादास आले. "जाऊ दे गं. पोराचा धंदा आहे, जरा सांभाळून घे."

चंद्रप्रभाबाईंनी बादलीत हात घातला. गौर चटणीत विरघळली होती. फुलांतून सामोशाचा बटाटा निघाला. हे पाण्यात सोडण्याजोगं राहिलंच नव्हतं. त्यांनी ते सगळं पुन्हा बादलीत सोडलं. चटणीनं माखलेला हात अंगापासून लांब धरून त्या उभ्या राहिल्या.

"सिंधु, तू घरी रचलेली बतुकम्मा घे. आज पोरं तीच नेतील. तू हो पुढं, मी हात धुऊन आले."

सिंधु पोरांना घेऊन गेली. इराही गेली, बापाकडं न बघता.

मग त्या घरातल्यांकडे वळल्या. "आजची बॅच बसू दे. त्या पोरांचा काही दोष नाही. उद्या सकाळी बाकं आणि बोर्ड काढून ने, सर्वेश. हॉल तुला सकाळी मिळणार नाही, संध्याकाळीही नाही. बालवाडी चालू राहील."