संशयी मिस्त्री आणि घोटायचं मशीन

आमच्या ह्यांचा विश्वास फक्त दोनच गोष्टींवर. स्वतःच्या कानावर आणि स्वतःच्या बोटावर. तीस वर्षं झाली टाइल्स बसवताहेत. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत भिंतीवर टकटक सुरू, कुठे पोकळ वाजतंय का बघायला. उजवा खांदा दुखतो म्हणून मी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर खांदा तपासताहेत आणि हे डाव्या हाताने मागची भिंत वाजवताहेत. "चार पोकळ आहेत," म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी बजावलं, बादलीत दांडक्याने टाइल्स चिकटवायचा ग्लू आणि प्लास्टर घोटणं आजपासून बंद, मशीन घ्या. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "मशीनवाला ह्याचा साडू असणार."

स्वभावाला औषध नसतं, ते खरंच. पण या संशयापायी माझा भाऊ कामावरून गेला होता, त्याचं काय?

झालं असं, की तीन आठवड्यांपूर्वी एका नव्या इमारतीत ह्यांनी बसवलेल्या बाथरूमच्या टाइल्स घसरल्या. सकाळी बघतात तर वरच्या तीन ओळी बोटभर खाली आलेल्या. ठेकेदार ओरडला, "ग्लू पातळ होता. कालवला कुणी?" कालवायचं काम माझ्या धाकट्या भावाचं. पंधरा वर्षं ह्यांच्याबरोबर आहे, दोन लेकरांचा बाप आहे. ह्यांनी मागचा पुढचा विचार न करता सांगून टाकलं, "मेव्हण्याने." भावाने हात धुतले, डबा उचलला आणि गेला. ठेकेदाराने त्याला पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही.

घरी ह्यांचं रोज तेच. "मुद्दाम पाणी जास्त घालत असेल. पिशव्या वाचवून बाहेर विकत असेल." मी भांडले हो आधी! चांगली कडाकडा भांडले. पण रोज तेच तेच कानावर पडलं की माणसाचं डोकं फिरतं. भावाने नुकताच नवा फ्रिज घेतला होता, तो माझ्या डोळ्यांपुढे यायला लागला. कुठून आणला असेल, असं मनात आलं. आलं ते आलंच. मी त्याच्या घरी गेले नाही, त्याची चौकशी केली नाही.

खांदा ऐकेना तेव्हा मशीन घ्यायला निघालो. एकट्याला पाठवलं तर दुकानदाराशी भांडून हात हलवत परत येतील, म्हणून मीही गेले. ह्यांनी घरून काय काय घेतलं असेल? स्वतःची बादली, ग्लूची न फोडलेली पिशवी, पाणी मोजायचा मग आणि आपलं दांडकं. "दुकानातल्या बादलीत ते काहीही करतील," म्हणे.

दुकानदार बिचारा शांत. त्याने दोन मुठींचं, जाड दांड्याचं मशीन काढलं. ह्यांनी खोका उलटासुलटा करून वाचला. "हे तर हळू फिरतं. शेजारचं दुप्पट फिरतं. कमजोर माल गळ्यात मारताय काय?"

"मिस्त्री, जोरात फिरलं की ग्लूमध्ये हवा शिरते," दुकानदार म्हणाला. "हे हळू फिरतं पण ताकदीने. आणि याची पाती बघा, तळातला माल वर ओढतात. ग्लू, प्लास्टरला हेच लागतं. खाली दाबणारी पाती रंगाला."

हवा म्हटल्यावर ह्यांना पटलं. पोकळ वाजणं हाच तर ह्यांचा जन्माचा शत्रू. तरी म्हणाले, "चालवून दाखवा."

पिशवीवर लिहिलं होतं तेवढंच पाणी ह्यांनी स्वतः मोजून आधी बादलीत घातलं, वर पिशवी ओतली. मशीन घुरघुरलं. पाच मिनिटं माल तसाच ठेवला, पुन्हा फिरवला. एक गाठ नाही. पण चांगला घट्ट.

"अजून पातळ पाहिजे," हे म्हणाले.

"असाच असतो. ही दातेरी थापी घ्या, फळीवर ओढून बघा."

ह्यांनी ओढलं. रेघा उभ्याच्या उभ्या राहिल्या, एकही खाली बसली नाही. हे बघतच राहिले. मग म्हणाले, "शेवटचं घोटणं माझ्या हाताचं." ही ह्यांची जुनी रीत. माल कुणीही कालवो, शेवटचे चार फेरे ह्यांचेच, कारण दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नाही. दांडकं बादलीत घातलं, दात खाऊन एक फेरा मारला. दुसऱ्या फेऱ्याला खांदा अडला. आणि बघितलंच नाही कुणाकडे, डावा हात आपसूक मगाकडे गेला, तो शेजारच्या पाण्यात बुडवला आणि बादलीवर आणला.

तिथेच थांबला हात. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अगं, पाणी मीच घालत होतो गं," हे म्हणाले. "दुखलं की घालत होतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही.

मशीन रिक्षात टाकलं आणि तडक भावाकडे गेलो. दार भावजयीने उघडलं. या म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. ह्यांनी चपलाही काढल्या नाहीत, दारातच हात जोडले. "पाणी मी घातलं होतं. तुझ्यावर ढकललं. उद्या ठेकेदारासमोर सगळ्यांच्या देखत सांगतो."

"मला माहीत होतं, दाजी," भाऊ म्हणाला. "रोज बघत होतो. पण तुमचा खांदा गेलाय हे ठेकेदाराला कळलं असतं, तर तुम्हाला कुणी उभं केलं असतं का? मला काय, कुठेही काम मिळेल."

हे उंबऱ्यातच बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला भावाचा रागच आला. म्हटलं, "अरे शहाण्या, मग मला तरी सांगायचंस!"

त्याने ह्यांच्यासाठी पाणी आणलं, ह्यांच्या हातात दिलं आणि मग माझ्याकडे वळला.

"दाजींचं सोड. त्यांचा देवावरसुद्धा विश्वास नाही. तुझा होता ना गं, ताई?"

"म्हणजे काय! होताच," मी म्हणाले.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याला ते खरं वाटलं नाही.