नाल्याच्या अलीकडचं माहेर

आमच्या घरात कुठे राहायला जाणं हा प्रकार नव्हता. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की डबा उघडायचा, आणि रजा म्हणजे कुणाचं लग्न नाहीतर कुणाचं मरण. म्हणून माझी दहावीची परीक्षा संपत आली असताना आई एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "यंदा आपण धानोऱ्याकडे नाल्यावर राहाले जाऊ. दोन-तीन रोज. फॉरेस्टवाल्यायनं तिथी शेड बांधलं म्हणते," तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

नाला बाबांनाही माहीत होता आणि मलाही. दोन पहाड्यांच्या मधून येणारा, दगडांतून वाहणारा, एका वळणावर मोठा डोह असलेला तो नाला आईच्या माहेरच्या गावाला लागूनच होता. आणि ताईच्या लग्नापासून आईने त्या गावात पाय ठेवला नव्हता.

भांडण मामाशी होतं. मामा म्हणजे आईचा थोरला आणि एकुलता भाऊ. आमच्याकडे नवरीच्या मामाला लग्नाचं आवतन घरी जाऊन द्यायचं असतं. त्याच्या खाटेवर बसायचं, पाणी प्यायचं, पत्रिका हातात द्यायची आणि "तुमच्याशिवाय लग्न उभं राहात नाही" असं म्हणायचं. आमच्या घराने माझ्या जन्माआधीच बुद्धाची दीक्षा घेतली, लग्नातले बाकीचे विधी गेले, हळदीचा खर्च गेला, पण मामाचा मान कुठेही गेला नाही. बाबांना तेव्हा फॅक्टरीत ओव्हरटाइम लागला होता. त्यांनी ताईच्या लग्नाची पत्रिका चंद्रपूरच्या स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरच्या हाती दिली. त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. आमच्याकडे तेव्हा सगळंच एसटीने जायचं. जेवणाचे डबे, औषधं, नव्या चपला. एकदा तर एक कोंबडी गेली होती. पत्रिकाही बरोबर पोचली. कंडक्टरने नंतर सांगितलं की धानोऱ्याच्या स्टँडवर मामाने ती हातात घेतली आणि विचारलं, "जवाई मागच्या गाडीनं येऊन राह्यले का?"

जावई म्हणजे बाबा मागच्या गाडीने आले नाहीत, आणि मामा लग्नाला आला नाही. वंदना झाली, लग्न लागलं, जेवणं उठली, तरी आई मांडवाच्या दाराकडे पाहत होती. मग तिने ठरवून टाकलं की भाऊ बोलावणार नाही तोवर मी जाणार नाही. तिकडे मामाने ठरवलं की तिला यायचं असेल तर येईल. दोघं एकाच आईची लेकरं, मोडतील पण वाकणार नाहीत. अशी तीन-चार वर्षं गेली. त्या वर्षांत आई कुणाच्या माहेराची गोष्ट निघाली की उठून चुलीकडे जायची. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. बस आहे, रस्ता आहे, भाऊ जिवंत आहे, घोडं अडलंय कुठे? पण हे तिला विचारण्याची छाती आमच्यात कुणाची नव्हती.

म्हणून त्या दिवशी नाल्याचं नाव निघालं तेव्हा बाबा घास तसाच धरून म्हणाले, "नाल्यावर? का गावात?"

"गावाचं नाव कोणी काढलं? नाल्यावर. नाला सरकारचा हाये."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पण आम्ही दोघांनीही भांडं पाहिलं नाही असं दाखवलं. बाबांनी फक्त एवढं विचारून पाहिलं की जायचंच तर दिवाळीनंतर जाऊ, थंडी असते, नाल्याला पाणी असतं. चैताच्या उन्हात कोण जंगलात राहायला जातो?

"त्या डोहाचं पानी चैतात आटत नाई," आई म्हणाली. चैतच का, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. चैतात मोह गळतो. डोहाच्या पलीकडच्या काठावर तिच्या वडिलांचं मोहाचं झाड होतं, आणि ती सासरी आल्यापासून दरवर्षी त्या दिवसांत फुलं वेचायला माहेरी जायची. जंगलात कोणतं झाड कोणाच्या घरचं हे ठरलेलं असतं, दुसरा कुणी त्याखाली वाकत नाही. लेकी मात्र वेचायला येतात. दिवाळीला नाही आल्या तरी चालतं, मोहाला येतात.

झालं, तयारी सुरू झाली. बाबा फॅक्टरीतले, त्यांना कुठलंही काम हाती आलं की आधी मोजमाप लागायचं. शेडची परवानगी हवी होती. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता, त्यामुळे ती चंद्रपुरात मिळते की गडचिरोलीत हे धड कुणाला सांगता येईना. चंद्रपूरचे साहेब म्हणत तिकडे जा, गडचिरोलीचे साहेब म्हणत अजून फायली आल्या नाहीत, धानोऱ्याला विचारा. बाबांनी रजा टाकली आणि धानोऱ्याला गेले. तिथल्या फॉरेस्टरने विचारलं, "दादा, धानोऱ्यात रेस्ट हाऊस हाये, पंखा हाये. ते सोडून नाल्यावर काऊन राह्यता?"

"हवापालट कराची हाये."

"कोणाची तब्येत खराब हाये?"

"माया बायकोची," बाबा म्हणाले. त्याने परवानगी दिली. हे सगळं बाबांनी घरी आल्यावर मोठ्या ऐटीत सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तवा एक रोज भेटला नोता. आता शेडसाठी बरी रजा भेटली."

बाबा अंगणात गेले आणि सायकल पुसायला लागले. सायकल स्वच्छच होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही सगळी धावपळ त्यांनी कशासाठी मांडली आहे. ज्या माणसाला एक पत्रिका घेऊन जायला वेळ झाला नव्हता, तो आता नाल्याकाठच्या चार खांबांसाठी दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्या झिजवत होता. तोंडाने "चुकलो" म्हणायचं सोडून बाकी सगळं करायला तयार होता.

थोड्या वेळाने आईनेच दारातून विचारलं, "धानोऱ्यापर्यंत गेले होते, गावात नाई गेले?"

"तूच तं नको म्हणे."

"मी तं म्हणतच असते," ती म्हणाली आणि आत गेली.

बातमी कॉलनीत पसरली तशी शेजारच्या काकू आल्या. त्यांना पिकनिकची फार हौस. "आमी बी येतो, पोरं बी खुश होतीन," त्यांनी जाहीर करून टाकलं.

"तिथी वाघ हाये," आई म्हणाली.

"मंग तुमी कशा चालल्या?"

"तो आमच्या ओळखीचा हाये."

काकू महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. एरवी आई शेजाऱ्यांना तोडून बोलणारी नव्हती, पण तिथे तिला चार परकी माणसं नको होती. भावाने पाठ फिरवली तर ती कुणी पाहू नये, असं तिला वाटत असणार.

बाबांनी बिछायत केंद्रातून भाड्याने कापड आणलं, कारण पत्र्याच्या शेडखाली चैतात माणूस भाजून निघेल हे त्यांच्या लक्षात आलं होतं. केंद्रवाल्याकडे लग्नाच्या मांडवाचंच कापड होतं, लाल-पिवळ्या पट्ट्यांचं. कंदील आला, सुतळी आली, पाण्यासाठी पिंप आलं. सामान बांधताना दोन गोष्टींवरून वाद झाला. एक, तांदूळ. आम्ही तिघंच जाणार होतो आणि आईने अख्ख्या पंगतीला पुरेल एवढा तांदूळ बांधला. "जंगलात भूक लागते," ती म्हणाली. दुसरी, टोपली. तिने बांबूची एक मोठी टोपली घेतली होती. बाबांनी जागा वाया जाऊ नये म्हणून तिच्यात कांदे-बटाटे भरले. आईने ते काढले. बाबांनी मग ताटं-वाट्या ठेवल्या. आईने त्याही काढल्या.

"खालीच न्याची का टोपली?" बाबांनी विचारलं.

"हो, खालीच न्याची."

मग ती टोपली बसमध्ये माझ्या मांडीवर आली. भद्रावतीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून गडचिरोली, गडचिरोलीहून धानोरा, आणि तिथून पुढे भाड्याची बैलबंडी. बंडीवाला नेमका मामाच्या गावचा निघाला. आईने त्याला तीनदा ऐकवलं, "आमी नाल्यावरच राह्यणार हाओ. गावात काई काम नाई." तो हो हो म्हणत बैल हाकत होता. आमच्याकडे बातमी पोचायला तार लागत नाही, बंडीवाला पुरतो. हे आईला चांगलं माहीत होतं.

नाला तसाच होता. अर्जुनाची सावली, गोल दगड, आणि वळणावर हिरवट, गार डोह. बाबांनी झाडांना सुतळी बांधून लाल-पिवळं कापड ताणलं. जंगलात मांडव उभा राहिला. "कोणाचं लगन हाये जी इथी?" आईने विचारलं आणि कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. पलीकडच्या काठावर मोहाचं झाड होतं. त्याच्याखालची जमीन पाला जाळून, झाडून अंगणासारखी लख्ख केलेली होती. आईने ते पाहिलं आणि संध्याकाळी भात मोठ्या गंजात लावला. गावाच्या वाटेकडे तोंड करून बसली. कुणीही आलं नाही. बाबांनी तो भात संपवायचा प्रयत्न केला, पण तो एका माणसाचा नव्हताच.

सकाळी मला आईनेच हलवलं. उजाडत होतं. पलीकडे मामा आणि मामी आले होते. मामा बराच वाळला होता. दोघं वाकून फुलं वेचत होती. मधे फक्त नाला, हाक मारली तर ऐकू जाईल एवढा. बाबा हाक मारायला उठले तसा आईने त्यांचा हात धरला. मामाने आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. लाल-पिवळा मांडव न दिसायला तो काही आंधळा नव्हता. आई शेडच्या खांबाला धरून उभी होती आणि तिचा चेहरा पाहवत नव्हता. मला वाटलं, उगाच आलो, हिला इथवर आणून आपणच तिचा अपमान केला.

मामा-मामींनी टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि दोघं निघून गेली.

"अर्धंच येचलं," आई म्हणाली.

खरंच, झाडाखाली गावाकडची बाजू साफ झाली होती. नाल्याकडची बाजू तशीच पिवळीधमक पडलेली होती.

"थकले असतीन. उद्या येचतीन," बाबा म्हणाले.

"मोह उद्यासाठी ठेवत नसतेत. ऊन चढलं का ढोरं खाऊन जातेत." तिने झाडाकडे बोट केलं. "लहानपणी आमची वाटनी होती. नाल्याकडची बाजू मायी. भावानं कदी तिच्यात हात नाई घातला."

तिने टोपली उचलली, लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. मी मागे निघाले तर तिने हाताने थांबवलं. ती एकटीच वेचत होती, भराभर, कुणी हिसकावून घेईल अशी. टोपली भरल्यावर मात्र ती आमच्याकडे परत आली नाही. वेचलेला मोह झाडवाल्याच्याच अंगणात वाळत घालायचा असतो. ती टोपली डोक्यावर घेऊन सरळ गावाच्या वाटेला लागली. बाबांनी घाईघाईत सदरा उलटाच घातला आणि आम्ही दोघं तिच्यामागे धावलो.

मामा अंगणात खाटेवर बसला होता. मामीने चटईवर फुलं पसरली होती. आईने कुणाकडे न पाहता आपली टोपली त्यांच्या फुलांशेजारी रिकामी केली आणि तशीच उभी राहिली. बाबा पुढे झाले, खाटेच्या कडेला बसले, आणि खाली पाहत म्हणाले, "भाऊ, तवाच याले पाहिजे होतं मी. चुकलं." मामाने मान हलवली. एवढ्यासाठी इतकी वर्षं.

मामी पाण्याचा गडवा घेऊन आली. तिने तो बाबांना दिला आणि आईकडे वळून म्हणाली, "बाई, लगनापासून दर साली हे तुमची बाजू अशीच सोडून येतेत. मी येचाले वाकली तं मायावरच वरडतेत. सारा मोह ढोरं खातेत."

आई मामाकडे पाहत राहिली. मग एकदम भडकून म्हणाली, "आन् मले एक सांगावा नाई धाडता आला? मी तिकडे रोज मरून राह्यली होती!"

मामा खाटेवरून उठला.

"दर साली वाटे," तो म्हणाला, "ढोरं हाकलाले तरी येशील."