व्यायामशाळेतली चार यंत्रं

ती घटना आजही आठवली की आधी डोळ्यांपुढे येतो तो खबऱ्या. अहमदपूर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, एवढ्यात हा गडी स्वतःहून आत आला. एरवी निरोप धाडला तरी तो एसटी स्टँडच्या मागे भेटायचा, ठाण्याची पायरी म्हणून चढायचा नाही. त्या दिवशी बाकावर ऐसपैस बसला आणि त्याने एका गावाचं नाव घेतलं.

"साहेब, तिथल्या हेडमास्तरनं व्यायामशाळेचं सामान भंगारात घातलं. सरकारी सामान हाय. चार मोठाली यंत्रं व्हती."

"तुला कुणी सांगितलं?"

"समदा गाव बोलून राहिला की."

बातमी दिली आणि चहापाण्याला काही न मागता निघून गेला. खबऱ्या फुकट बातमी देऊ लागला की त्याला दुसरीकडून मिळालेलं असतं, हे मी पुरतं ओळखून होतो. पण माल सरकारी, दुर्लक्ष करून भागणार नव्हतं. डायरीला नोंद घेतली, हवालदाराला बरोबर घेतलं आणि गावाकडे निघालो.

शासनाच्या अनुदानातून शाळेला व्यायामशाळा मंजूर झाली होती. खोली बांधून तयार होती, भिंतीवर निळ्या रंगात 'व्यायामशाळा' लिहिलेलं. आत एक सतरंजी आणि फुटका फळा, बाकी काही नाही. यंत्रं मिळाल्याच्या पावतीवर मुख्याध्यापकांची सही होती. दिवाळीच्या आसपास क्रीडा कार्यालयाचा माणूस पाहणी करून फोटो काढून गेला होता. म्हणजे तेव्हा यंत्रं इथं होती, आणि आता नव्हती.

मुख्याध्यापकांना गाव गुरुजी म्हणायचं. शाळा बौद्ध वस्तीला लागून, गुरुजीही त्याच वस्तीतले. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी त्यांची, आणि निवृत्ती तोंडावर आलेली. गुन्हा अंगावर आला तर निलंबन ठरलेलं, पेन्शन अडकणार, आणि ज्यांना बाराखडी शिकवली त्यांच्यातच चोर म्हणून म्हातारपण काढायचं. त्यांना जीपमध्ये बसवताना शाळेसमोर अर्धं गाव उभं होतं.

ठाण्यात विचारपूस सुरू केली.

"यंत्रं कुठं गेली, गुरुजी?"

"ठेकेदाराचीच माणसं टेम्पो घेऊन आली साहेब. फिटिंगमध्ये खोट हाय, दुरुस्त करून आणतो म्हणाली."

"नेल्याची पावती?"

"घेतली न्हाई. ज्यांनी आणली तेच नेत होते, संशय कशाला घ्यायचा?"

"यंत्रं नवी होती ना?"

इथं गुरुजी अडखळले. नजर टेबलावर गेली. "नवी... नवीच म्हणायची," असं काहीतरी पुटपुटले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. हवालदार माझ्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, मास्तर दिसत्यात तेवढे सरळ न्हाईत." मलाही तसंच वाटलं. माणूस काहीतरी दडवत होता, यात शंका नव्हती. तरी अटक न करता हजर राहण्याची नोटीस देऊन त्यांना सोडलं, कारण तो फुकटचा खबऱ्या डोक्यातून जात नव्हता.

यंत्रं पुरवणारा ठेकेदार लातूरचा. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्याचं ऑफिस. मला बघून तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसली, सरबत मागवलं. पोलीस दारात आल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

"कंपनीचा पॅकबंद माल हाय साहेब. कंपनीतून थेट शाळेत उतरवला, खोकी गुरुजींसमोर फोडली, सही घेतली. माझा विषय तिथंच संपला. तुम्ही जरा भंगारवाल्यांकडं चौकशी करा ना."

भंगाराचा विषय मी काढलाच नव्हता. तो जबाब मी त्याच्याच शब्दांत, 'पॅकबंद' आणि 'थेट शाळेत' या शब्दांसकट लिहून घेतला, सही घेतली आणि सरबत न पिता निघालो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वेळेवर आले. मी हवालदाराला बाहेर पाठवलं, चहा सांगितला आणि सरळच म्हणालो, "गुरुजी, तुम्ही चोर आहात की नाही मला माहीत नाही. पण तुम्ही दडवताय, हे मला दिसतंय. यंत्रं नवी होती का, एवढ्या प्रश्नाला तुम्ही का अडता?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"साहेब, यंत्रं आली तेव्हाच त्यांच्यावर भस्माचे पट्टे होते. मधी कुंकवाचं बोट. वाळून कळकट झालेलं. दसऱ्याला लोखंडाची पूजा करतात ना, तसलं. आमच्या शाळेत उद्घाटनाला बुद्धांच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोला फुलं वाहतो आम्ही, यंत्राला कोण कुंकू लावणार? पाहणी झाल्यावर मी ओलं फडकं घेतलं आन् चारी यंत्रं पुसून काढली."

"मग हे काल का नाही सांगितलं?"

"काय सांगू? मास्तरनं कुंकू पुसलं, एवढंच गावात जाईल. पलीकडच्या वाडीची पोरं बी आमच्याच शाळेत येतात. आजपर्यंत कधी वाद न्हाई. माझी चोरी राहील बाजूला आन् गावात आग लागेल. त्यापरीस मला एकट्याला काय व्हायचं ते होऊ द्या."

खरं सांगतो, मला लाज वाटली आणि त्या माणसाचा रागही आला. गावासाठी हा गृहस्थ तुरुंगात जायला निघाला होता आणि त्याचं कुणाला काही कळणारही नव्हतं.

क्रीडा कार्यालयातून पाहणीचे फोटो मागवले. मोठे करून बघितले तर खांबावर पांढरे पट्टे स्पष्ट दिसत होते. कंपनीतून थेट शाळेत आलेल्या पॅकबंद यंत्राची पूजा वाटेत कुणी केली? मग त्या खबऱ्याला उचललं. दरडावायचीही गरज पडली नाही, खाली बसतानाच म्हणाला, "ठेकेदाराच्या मेव्हण्यानं सांगाय लावलं साहेब." हा मेव्हणा नांदेडच्या बाजूला पोलीस भरतीची अकॅडमी चालवत होता. उद्या आमच्यात येणारी पोरं तिथं तयार होत होती, हे ऐकून हवालदाराने कपाळावर हात मारला.

साध्या वेशात गेलो. भाच्याला भरतीत उतरवायचंय म्हणालो. मेव्हण्याने हौसेने हॉल दाखवला. रांगेत यंत्रं, प्रत्येकावर भस्म, कुंकू, सुकलेली झेंडूची पाकळी. शेवटची चार मात्र स्वच्छ.

"यांची पूजा राहिली वाटतं?" मी विचारलं.

"न्हाई न्हाई, दसऱ्याला आम्ही एक बी सोडत न्हाई," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने त्या चार यंत्रांकडे पाहिलं. फडकं पोचलं नव्हतं त्या नटांच्या खाचेत कुंकू अजून लाल होतं. पंच बोलावले, पंचनामा केला, चारही यंत्रं जप्त केली.

ठेकेदार मग फार वेळ टिकला नाही. एकही नवं यंत्र विकत घेतलेलं नव्हतं. अकॅडमीतलीच चार यंत्रं टेम्पोत घालून या शाळेतून त्या शाळेत न्यायची, पाहणी झाली की दुरुस्तीच्या नावाखाली परत आणायची. बाकीच्या मुख्याध्यापकांनी सह्या करून तोंड मिटलं होतं. गुरुजींनी मात्र यंत्रं कधी परत येणार म्हणून फोनवर फोन केले, तेव्हा त्यांचाच काटा काढायचं ठरलं. दसऱ्यानंतर, गुरुजींच्या शाळेत येण्याआधी, तीच यंत्रं आणखीही शाळांत फिरली होती. कुंकू तिथंही सगळ्यांनी पाहिलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही, एका ठिकाणी तर यंत्रांना वर हार घातला.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर मी गुरुजींना सांगायला गेलो की तुमच्यावर काही नाही. त्यांनी हात जोडले, पण चेहरा मोकळा झाला नाही.

"साहेब, मी चोर न्हाई हे मला ठाऊकच हाय. मला सांगून काय उपेग? ग्रामसभेत सांगा."

आमच्या खात्यात अटकेचा फॉर्म आहे, जप्तीचा आहे. माणसाचं गेलेलं नाव परत करायचा कुठलाच नाही. मी गणवेश घालून ग्रामसभेला गेलो आणि जे घडलं ते सांगितलं. कुंकवाचा भाग मुद्दाम गाळला. तर गुरुजी स्वतःच उठले.

"एक राहिलं. यंत्रांवरचं कुंकू मी पुसलं होतं. कोर्टात ते येणारच हाय, म्हणून माझ्या तोंडून ऐका."

माझा हात नकळत हवालदाराला खूण करायला गेला. पलीकडच्या वाडीतला कपाळावर भस्म लावलेला एक म्हातारा शेतकरी काठी टेकत उभा राहिला. गुरुजी ज्यांना भीत होते, त्यांच्यातलाच तो.

"पुसलं म्हून तर चोर घावला," तो म्हणाला. "आन् गुरुजी, आमच्यावर एवढा बी भरोसा नव्हता व्हय तुमचा?"

गुरुजी खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

संशय घेणं हे आमचं कामच, त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण त्या दिवसापासून माझ्यासमोर कुणी अडखळला की तू काय दडवतोस, एवढं विचारून मी थांबलो नाही. कुणासाठी दडवतोस, हेही विचारत आलो.