आकड्याआधी नाव

जऊळक्याहून वहिनींचा फोन आला. "तुहे भाऊ गेले रे," एवढंच बोलल्या. मी रिसोडच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसलो होतो. रडू आलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं... आता ते कुणाला सांगणार नाहीत. लिहायलाही लाज वाटते, पण पहिला विचार तोच आला.

सुधाकरभाऊ आणि मी शेतकरी गटासाठी फवारणीचं ॲप लिहायचो. पंपामागे कोणतं औषध किती, याचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाइलवर जायचा. भाऊंचा हट्ट एकच, कोडमधल्या फंक्शनला नुसते आकडे द्यायचे नाहीत, प्रत्येक आकड्याआधी त्याचं नाव लिहायचं. तणनाशक पंधरा, अळीचं औषध चाळीस. घरी मिठाच्या डब्यावरही 'मीठ' लिहिणारा माणूस! मी चिडवायचो, "भाऊ, पहिला कोणता, दुसरा कोणता, एवढंही ध्यानात राहत नाही का तुमच्या?"

"राह्यते रे. पन ज्या दिवशी नाही राह्यलं, त्या दिवशी वावर कोनाचं जळन?"

तो दिवस माझ्याच हातून आला. घाईत मी नुसते दोन आकडे टाकले, तेही उलटे. तणनाशक चाळीस झालं आणि किन्हीराजाच्या एका बाईंचं सोयाबीन चार दिवसांत पिवळं पडलं. गटाच्या बैठकीत त्या ओरडल्या, "कोनं लिवलं हे?" भाऊ उठले, हात जोडले. "माह्याकडून झालं, बाई." मी मान खाली घालून शेजारी बसून राहिलो. गटानं त्यांचं काम काढून घेतलं आणि मला दिलं. मी घेतलं! उद्या सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं काढली. भाऊंनी एकदाही विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो, भाऊंच्या टेबलाशी बसलो. त्यांची चुकांची वही तिथंच होती. काय बिघडलं, कुणाकडून बिघडलं, सगळं नावानिशी. बहुतेक ठिकाणी स्वतःचंच नाव. सोयाबीनची नोंद सापडली. 'दोन आकडे उलटे पडले. दुरुस्त केलं.' पुढे नावाची जागा कोरी.

वहिनी चहा घेऊन आल्या. "वहिनी, ती चूक माझी होती," एकदाचं बोललो.

त्यांनी कप खाली ठेवला. "मले माहीत हाय. तू सोताहून कवा सांगतं, याची वाट पाहून राह्यले होते ते."

मग भाऊंचं पेन उघडून माझ्यापुढे धरलं. "लिव आता."

कोऱ्या जागेत मी माझं नाव लिहिलं. अक्षर फार वाकडं आलं.