चूल कधी पेटली?

गेल्या पावसाळ्यात पनवेलजवळच्या एका गावात खाडीचे पाणी शिरले. पाचव्या दिवशी पंचनामे सुरू झाले. बातमीसाठी मी तलाठ्यांबरोबर फिरत होतो.

त्यांना मी बरीच वर्षे पाहतो आहे. चिखलाने भरलेल्या घरातही ते चपला दाराबाहेर काढतात. उत्तर ऐकले की "बरं" म्हणतात, पण लगेच लिहीत नाहीत.

घर सलग दोन दिवस पाण्यात असेल तरच मदत, असा निकष होता. एकट्या राहणाऱ्या एका मावशींच्या भिंतीवर गुडघाभर ओल होती.

"पाणी सलग किती दिवस होतं?" तलाठ्यांनी विचारले.

"सलग कसं ऱ्हाईल? भरतीला आलं, ओहोटीला गेलं, परत आलं. खाडीला तुमचा कागद वाचता येत नाय, भाऊ."

"दोन दिवस सांग ना, मावशे," शेजारी पुटपुटला.

"खोटं कशाला सांगू?"

"बरं," तलाठी म्हणाले. ते चुलीपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी राखेत बोट घातले. वरची राख कोरडी होती, खालची अजून ओली.

"चूल कधी पेटली?"

"चौथ्या दिशी."

त्यांनी लिहिले, 'पाण्यामुळे घरातील चूल चौथ्या दिवसापर्यंत पेटली नाही.'

पंचनामा वरून परत आला. 'सलग किती दिवस?' असा शेरा होता. त्यांनी कॅलेंडरमधले भरती-ओहोटीचे पान जोडले आणि तेच वाक्य पुन्हा पाठवले.

दिवाळीआधी चावडीवर मदतीची यादी लागली. मावशींचे नाव शेवटून दुसरे होते.